विज्ञान-केंद्रातील पाटी : सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक

मराठी गद्याच्या प्रकारांची गणना करताना आपण बखर, टीका, चरित्र, निबंध, पत्र येथपर्यंत सहज येऊन पोहोचतो. वृत्तपत्री स्फुटे आणि जाहिराती यांकडेही अभ्यासकांची दृष्टी वळली आहे. परंतु एक गद्यप्रकार असा आहे की, तो माणसे उभ्याने वाचतात, गर्दीत वाचतात, कडेवरचे मूल सावरीत वाचतात, आणि बहुधा अर्धाच वाचून पुढे जातात. विज्ञान-केंद्रांत प्रत्येक उपकरणाशेजारी लावलेली पाटी हा तो प्रकार होय. तिच्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने पाहावे असे काही तिच्यात आहे काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास एका कौटुंबिक सहलीच्या निमित्ताने पडला.

हे कुटुंब दरेकसा येथील. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील हे गाव मुंबई-हावडा लोहमार्गावर, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या डोंगरात आहे. डोंगर फोडून काढलेला रेल्वेचा बोगदा, पावसाळ्यात कोसळणारा हाजरा धबधबा आणि माघी पौर्णिमेच्या यात्रेसाठी गोंड समाज जेथे दुरून दुरून लोटतो त्या कचारगडच्या गुहा या तीन गोष्टींमुळे या भागाचे नाव बाहेर ठाऊक आहे. घरात आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. आजोबांची उमेद रुळांची निगा राखण्यात गेली. मुलगा तालुक्याच्या गावी नोकरीस. थोरली नात सातवीत व धाकटा नातू तिसरीत. सुट्टीत मुलांना 'हात लावू देणारे' संग्रहालय दाखवावयाचे ठरले आणि परिचयामुळे मीही बरोबर गेलो. पुढील निरीक्षणे कोणा एका केंद्रावरील अभिप्राय म्हणून वाचू नयेत. मी पाहिलेल्या सर्वच केंद्रांतील पाट्यांचे वळण थोड्याफार फरकाने सारखे आहे, आणि जो दोष दाखवावयाचा तो एका संस्थेचा नसून एका गद्यशैलीचा आहे. म्हणून केंद्राचे नाव मुद्दामच दिलेले नाही.

प्रेक्षकाने कळ दाबावी, चाक फिरवावे आणि निसर्गनियम आपल्यापुढे घडताना पाहावा, ही कल्पना जुनी आहे. ऑस्कर फॉन मिलर यांच्या पुढाकाराने १९०३ साली म्युनिक येथे स्थापन झालेल्या व १९२५ साली स्वतःच्या इमारतीत गेलेल्या संग्रहालयाने ती रूढ केली. फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जी संस्था काढली, तिने जुनी यंत्रे जपून ठेवण्याचा हेतूच बाजूला सारला व केवळ करून पाहण्यावर सारा भर दिला. आपल्याकडे कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय १९५९ साली उघडले, आणि १९६५ साली त्याने बसमधून खेडोपाडी फिरणारे प्रदर्शन सुरू केले. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद १९७८ मध्ये अस्तित्वात आली. मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये आणि नागपूरचे रामन विज्ञान केंद्र १९९२ मध्ये सुरू झाले. हा इतिहास येथे एवढाच पुरे. त्यातून ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, उपकरणांची रचना देशोदेशी एकच आहे. जे प्रत्येक ठिकाणी नव्याने घडवावे लागते ते पाटीवरील गद्य होय. कोलकात्याचे तबक नागपुरास तसेच्या तसे चालते. कोलकात्याची पाटी चालत नाही. अर्थात ज्या अंशाने एखादे केंद्र मराठी असू शकते, तो अंश या पाट्यांतच आहे.

तबकाचा उल्लेख आला, तेव्हा त्याच उपकरणापासून आरंभ करू. दोन मोठी अंतर्गोल तबके एकमेकांकडे तोंड करून, बऱ्याच अंतरावर उभी केलेली असतात. एका तबकापुढील ठरावीक जागी तोंड नेऊन पुटपुटले, तर दुसऱ्या तबकाच्या तशाच जागी कान नेणाऱ्यास ते शब्द स्पष्ट ऐकू येतात, आणि मधून चालणाऱ्यांस मात्र त्यांचा पत्ता लागत नाही. त्याच्या पाटीवर साधारणतः काय असते हे दाखविण्यासाठी मी स्वतःच एक नमुना जुळवितो : 'कड्यासमोर तोंड आणून हळू बोला. ध्वनितरंगांचे अन्वस्तीय पृष्ठभागावरून परावर्तन होऊन ते समांतर दिशेने प्रसारित केले जातात व दुसऱ्या पृष्ठभागाच्या नाभीच्या ठिकाणी एकत्रित होतात.'

अशा पाटीवर नेहमीचा आक्षेप परिभाषेच्या संस्कृतप्रचुरतेचा असतो. तो मला मान्य नाही. 'अन्वस्त' हा शब्द सातवीतील मुलीस अपरिचित असेल, पण अपरिचित शब्द शिकण्यासाठीच तर ती तेथे आली आहे. आणि 'नाभी' हा तर फार नामी शब्द आहे. साऱ्या वक्र पृष्ठाची बेंबी कोठे आहे ते बोटाने दाखविता आले, तर तो शब्द जन्मभर विसरला जाणार नाही. दोष शब्दांत नाही, वाक्यांत आहे. पहिले वाक्य आज्ञार्थी आहे. त्यात द्वितीय पुरुष आहे, म्हणजे समोर कोणीतरी उभे आहे असे लिहिणाराने धरले आहे. दुसऱ्या वाक्याचा आरंभ होताच तो माणूस नाहीसा होतो. आता परावर्तन 'होते', तरंग प्रसारित 'केले जातात'. कोण करतो, कोणाचा आवाज, कोणाच्या कानापर्यंत, याचा मागमूस राहत नाही. पहिल्या वाक्यात ज्याचा हात धरला त्याचा हात दुसऱ्यात सोडून दिला आहे. आणि या दोहोंच्या मध्ये ज्याची जागा होती ते वाक्य, म्हणजे प्रश्न, लिहिलेच गेलेले नाही.

या रचनेचे खरे स्वरूप समजण्यासाठी मराठी गद्याच्या आरंभकाळाकडे वळणे उपयोगाचे ठरेल. केसोबासांनी चक्रधरस्वामींचे जे एकशे चौदा दृष्टान्त 'दृष्टान्तपाठा'त एकत्र केले, त्यांच्या मांडणीची तीन अंगे आहेत : सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. सूत्र हे सिद्धान्ताचे अल्पाक्षरी वचन. दृष्टान्त ही लोकव्यवहारातील, बहुधा गावगाड्यातील, एखादी घटना. आणि दार्ष्टान्तिक म्हणजे ती घटना सूत्राला, आणि पर्यायाने ऐकणाराला, कशी लागू पडते हे उलगडून सांगणे. सूत्र व दृष्टान्त स्वामींचे आणि दार्ष्टान्तिक केसोबासांचे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे हे तिसरे अंग ऐकणाराकडून आलेले आहे. याच ग्रंथात हत्तीला चाचपून पाहणाऱ्या जन्मांधांचा दृष्टान्त आहे. स्पर्शाने मिळणाऱ्या ज्ञानाचे सामर्थ्य आणि मर्यादा यांविषयी मराठीत इतक्या लवकर विचार झाला होता, हे 'हात लावून पाहा' म्हणणाऱ्यांनी जाणून घेण्याजोगे आहे.

विज्ञान-केंद्रातील उपकरण हा दृष्टान्त आहे. फरक इतकाच की, तो कानांनी ऐकावयाचा नसून हातांनी घडवावयाचा आहे. पाटीवर जे असते ते सूत्र. दार्ष्टान्तिकाची जागा रिकामी आहे. ती रिकामी ठेवण्यात तसे काही वावगे नाही, कारण ते अंग ऐकणाराने पुरवावयाचे. परंतु ऐकणाराने ते पुरवावे यासाठी त्याला बोलावणे जावे लागते. आमच्या पाट्या बोलावणे धाडीत नाहीत. सूत्र सांगून झाले की विषय संपला, असा त्यांचा अविर्भाव असतो.

याचा परिणाम त्या दिवशी डोळ्यांसमोर घडला. कोठलेही कुटुंब उपकरणापाशी येते तेव्हा कामे आपोआप वाटली जातात. धाकट्याने कळ दाबावयाची, आईने त्याला आवरावयाचे, थोरलीने पाटी मोठ्याने वाचावयाची, वडिलांनी मान डोलवावयाची. आजोबांना काम उरले नाही. घरी जे सगळ्यांना सांगतात ते येथे सातवीतल्या मुलीचे ऐकत उभे होते. यात नातीचा दोष नाही, आणि तिला ते मोठेपण मिळाले याचा आनंदच वाटावा. पण पाटीवर दुसऱ्या कोणाला बोलता येईल अशी एकही फट नव्हती. घरात बोलली जाणारी भाषा पोवारी, बाजाराची हिंदी, शाळेची मराठी. आणि पाटीची मराठी ही चौथीच. ती ज्याला वाचता येते तोच तेथे जाणता ठरतो.

तबकापाशी मात्र आजोबांना पुढे केले गेले. नात दुसऱ्या टोकाला धावली. लोखंडी तबकाशी काय बोलावे हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी तिला घरातल्या नावाने हाक मारली, आणि तीही हळू नव्हे, लाइनीवर मारतात तशी. ती दुसऱ्या टोकाला दचकली व हसत परत आली. धाकटा म्हणाला, "आजा, बोगद्यात जसा आवाज येते तसाच येऊन राहिला!" आजोबा म्हणाले, "नाही बापा. तसा नाही." एवढ्यात मागची शाळेची रांग पुढे सरकली आणि आम्हांस तेथून निघावे लागले. 'तसा नाही' हे त्या दिवसातले सर्वांत शास्त्रीय वाक्य होते असे मला वाटते. ते का, हे पुढे येईल.

सर्वच उपकरणांना एक माप लावता येणार नाही, हे येथे सांगितले पाहिजे. वेडेवाकडे आरसे घ्या. तेथे कुटुंब सर्वांत अधिक वेळ रमते आणि पाटी सर्वांत कमी वाचते. त्यात काही बिघडत नाही. आई एकदम ठेंगणी व बाबा ताडमाड झालेले पाहण्याचे सुख परावर्तनाच्या नियमाहून कमी मोलाचे मानण्याचे कारण नाही. याच्या उलट दोन शंकू पायथ्याशी जोडून केलेला तो रूळ. उतरत्या दिसणाऱ्या दोन कांबींवर तो खालच्या टोकाशी ठेवला तर चढाकडे गडगडत जातो. येथे हाताला जे कळते ते चूक आहे. कांबी चढाच्या बाजूला एकमेकींपासून दूर होत गेलेल्या असतात, त्यामुळे रूळ त्यांच्या मधल्या फटीत अधिकाधिक रुतत जातो आणि त्याचा गुरुत्वमध्य प्रत्यक्षात खाली उतरतो. हे केवळ ढकलून कोणालाही उमगणार नाही. रुळाचा मध्य डोळ्यांच्या उंचीवर धरून बाजूने पाहावे लागते. तसे पाहा, असे सांगणारी पाटी येथे हवीच. पाटी नकोच, माणसांना नुसते खेळू द्या, असे जे म्हणतात त्यांना हा दुहेरी शंकू दाखवावा. सॅन फ्रान्सिस्कोच्या संस्थेनेही समजावून सांगणारी तरुण मुले दालनांतून नेमली. म्हणजे लिखित पाटीचे काम तिने बोलत्या माणसाकडे सोपविले, ते टाळले नाही.

आणि बोलणे हे विज्ञानाच्या मराठी गद्यास परके नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हरि केशवजी यांनी पदार्थविज्ञानावरील जो ग्रंथ इंग्रजीतून मराठीत आणला त्याचे नाव 'सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद' असे होते. नाव अवजड खरे, पण त्यातील शेवटचा शब्द पाहावा. शास्त्र मराठीत आरंभी आले ते प्रश्नोत्तरांतून आले. पुढे शालेय पाठ्यपुस्तक आणि परिभाषाकोश यांचा पगडा बसला, आणि एकमार्गी विधान हेच शास्त्रीय गद्याचे प्रमाण रूप होय अशी समजूत रूढ झाली. आजची पाटी ही पाठ्यपुस्तकाची धाकटी बहीण आहे. संवादाशी असलेले तिचे जुने नाते ती विसरली आहे.

क्रियापदांची गोष्टही याच प्रकारची. आवाजासाठी मराठीत केवढी संपत्ती आहे! तो घुमतो, दुमदुमतो, दणाणतो, विरतो, आदळून परततो, पडसाद उठतो. यांतील प्रत्येक क्रियापद भौतिकीच्या दृष्टीने निराळ्या घटनेकडे बोट दाखविते. मूळ आवाज आणि परतलेला आवाज यांत सुमारे एक दशांश सेकंदाचे अंतर पडले तर कान त्यांना वेगळे ओळखतो. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणून समोरचा कडा सतरा मीटरांहून दूर असला की पडसाद स्वतंत्र ऐकू येतो. भिंती त्याहून जवळ असल्या आणि अनेक असल्या, तर परतीचे आवाज एकमेकांत मिसळतात आणि तो 'घुमतो'. 'परावर्तन' ही एकच संज्ञा दोहोंना व्यापते. संज्ञेचे सामर्थ्य या व्यापकतेत आहे हे निर्विवाद. परंतु पाटीने आधी दोन क्रियापदे दिली असती व मग ती संज्ञा दिली असती, तर दोन निराळ्या वाटणाऱ्या गोष्टींचे मूळ एक आहे हा शोध वाचणाऱ्याच्या पदरी पडला असता. आज त्याला उत्तर आधी मिळते, आणि कोडे मिळतच नाही.

ज्यांचे नाव नागपूरच्या केंद्रास दिले आहे ते चंद्रशेखर वेंकट रामन वित्तखात्यातील नोकरीच्या निमित्ताने काही काळ नागपुरात होते. ध्वनी हा त्यांच्या आरंभीच्या संशोधनाचा विषय. मृदंगासारख्या आपल्या वाद्यांच्या स्वरमेळाचा त्यांनी शोध घेतला. १९२१ साली लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटाखालील कुजबुज-सज्जाचे निरीक्षण केले, आणि पुढे विजापूरच्या गोलघुमटासारख्या आपल्याकडील वास्तूंकडेही ते वळले. घुमट घुमतो हे लोकांना शतकानुशतके ठाऊक होते. तो कसा घुमतो हा प्रश्न घेऊन रामन घुमटाकडे गेले. केंद्रातील तबक हा प्रवास उलट दिशेने करते. ते घटनेला तिच्या जागेतून सोडवून दालनात आणते. तसे करणे भाग आहे, कारण जागेचा गोंधळ बाजूला सारल्याशिवाय नियम उघडा पडत नाही. पण सोडवून आणलेली घटना पुन्हा आपल्या जागी पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची?

कचारगडची गोंडी परंपरेतील कथा येथे आठवते. गुहेत कोंडलेल्या मुलांच्या अंगी किंगरीच्या नादाने बळ संचारले व त्यांनी दारावरची शिळा ढकलली, असे ती सांगते. ती श्रद्धेची कथा आहे. तिच्यातून भौतिकी काढण्याचा खटाटोप करू नये. मात्र ज्या परिसरातील माणसे नाद आणि दगड यांचा विचार इतका जुना जवळ बाळगून आहेत, त्यांच्यापुढे ध्वनीची पाटी लावताना त्यांना या विषयात काहीच ठाऊक नाही असे गृहीत धरणे उचित नव्हे.

केवळ दोष दाखवून थांबणे टीकाकारास शोभत नाही, म्हणून मी तबकासाठी एक पाटी लिहून पाहिली : 'कड्याशी तोंड नेऊन हळू बोला. पलीकडच्याला विचारा : ऐकू आले काय? आता दोन पावले बाजूला सरकून तेच बोला. आता? तुमचा आवाज तबकावर आदळून सरळ समोर गेला आणि दुसऱ्या तबकाने तो एका बिंदूत गोळा केला. या बिंदूला नाभी म्हणतात. तुमच्या गावात आवाज कोठे असा एकवटतो? आणि कोठे त्याची दिशाच कळत नाही?' ही पाटी निर्दोष नाही. ती लांब झाली आहे, 'अन्वस्त' शब्द तीत बसविता आला नाही, आणि शेवटचे दोन प्रश्न काहीसे शिक्षकी आहेत. शिवाय मी ती परतल्यानंतर लिहिली; तिचा शेवटचा प्रश्न माझा नाही.

तो आजोबांचा आहे. परतीच्या गाडीत, गोंदिया मागे पडल्यावर, धाकट्याने पुन्हा बोगद्याचा विषय काढला. 'तसा नाही' म्हणजे कसा, असे मी विचारले. त्यांनी सांगितले ते असे : त्या तबकात आवाज एका जागी येतो, थोडे सरकले की नाही. बोगद्यात सरकून उपयोग नाही, कोठेही उभे राहा, आवाज सगळीकडून येतो. म्हणून बोगद्यात काम करताना गाडी येते आहे हे कानाला कळते, पण कोणत्या तोंडाने येते आहे हे कळत नाही. तेथे कानावर विसंबता येत नाही. बाहेर झेंडी घेऊन माणूस उभा करावा लागतो.

कान दिशा ओळखतो तो मुख्यतः आधी पोहोचणाऱ्या आवाजावरून आणि दोन कानांना मिळणाऱ्या आवाजांतील सूक्ष्म फरकावरून. भिंतींवरून परतलेल्या आवाजांच्या गर्दीत तो फरक बुडून जातो. हे मी त्यांना सांगितले नाही, कारण नात बोलू लागली होती. पाटीवरचे वाक्य तिला पाठ झाले होते. ते तिने एकदा म्हणून पाहिले, मग थांबली, आणि आजोबांना विचारले, "मग बोगद्याची नाभी कुठं हाय?" आजोबांनी बराच वेळ विचार केला. सालेकसा आले तरी ते दोघे त्याच बोलण्यात होते. बोगदा गोल आहे, पण तो लांबही आहे, येथपर्यंत त्यांचे आले होते.